डाय त्यांची, मशीन आपलं

दिवाळीच्या सुट्टीत ताईचा मुलगा आमच्याकडे आला होता, नाशकात, पाथर्डी फाट्याला. कपड्यांची बॅग एवढीशी आणि एक्सबॉक्सची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेम मशीनची, बॅग एवढी मोठी. आल्या आल्या हॉलमधल्या टीव्हीच्या मागे हात घालून त्याने वायरी बदलल्या, त्यात आईची सिरियल गेली आणि त्यावरून घरात अर्धा तास जे काय झालं ते असो. रेअर नावाच्या कंपनीच्या जुन्या गेम्सचा एक संग्रह मिळतो, त्यातला बँजो-कझूई त्याने लावला. पिवळ्या चड्डीतलं अस्वल, पाठीवर निळी सॅक, सॅकमधून डोकं काढणारा लाल पक्षी. पोरगं थोडा वेळ खेळलं आणि म्हणालं, "मामा, हे तर सगळं निन्टेंडोसारखं वाटतंय राव, हे एक्सबॉक्सवर काय करतंय?" मी म्हटलं अरे हा निन्टेंडो या जपानी कंपनीच्या मशीनवरच आलेला, १९९८ ला, नंतर ती कंपनी मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. "का पण? भांडण झालं का त्यांचं?" तेवढ्यात आतून फराळाला हाक आली, तो चकली घेऊन परत खेळायला बसला आणि विसरूनही गेला. माझ्या डोक्यात मात्र ते राहिलं. कारण गेम बनवणाऱ्यांचे आणि मशीनवाल्यांचे असे काडीमोड मी इतके वाचलेत, त्यावरच्या तासतासभराच्या व्हिडिओंमध्ये रात्री घालवल्यात, पण नववीतल्या पोराला दोन वाक्यांत सांगायचं तर नेमकं काय सांगणार?

आमच्या लहानपणी हा प्रश्न पडलाच नसता. कारण आमच्या कॅसेटमध्ये कुणाचं कुणाशी भांडणच नव्हतं. तो टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आठवतोय ना, जो निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी मशीनची सरळसरळ नक्कल होता, आणि ती पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार गेम्स, आत बघावं तर तेच तेच फिरून येणारे. मेनरोडवरून आत वळलं की एका बोळात दुकान होतं, खेळणी, बॅटऱ्या, रिमोटची कव्हरं आणि काचेखाली मांडलेल्या या कॅसेटी. जुनी देऊन वर थोडे पैसे टाकले की दुसरी मिळायची. दुकानदार आधी स्वतः फुंकर मारायचा, मग बोटाने सोनेरी पट्ट्या पुसायचा, मग लावून दाखवायचा, आणि नेमकी तेव्हा लाईट जायची. कॉन्ट्रा, मारियो, टँकवाला, तो कुऱ्हाड फेकणारा बुटका. सगळे एका मेनूत खाली खाली, जसे एका ताटात भाजी-आमटी. त्यातला टँकवाला नामकोचा, कॉन्ट्रा कोनामीचा, बुटका हडसनचा, मारियो निन्टेंडोचा, हे आम्हाला कोण सांगणार? आणि खऱ्या जगात यातल्या काही मंडळींची तोंडं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला झाली होती, हे तर फार नंतर कळलं.

नामकोचंच घ्या. फॅमिकॉमवर बाहेरच्या ज्या कंपन्या सगळ्यात आधी आल्या त्यातली ही एक, १९८४ ची गोष्ट. आधी आली म्हणून तिला खास सवलत होती, बाकीच्यांना कॅसेटी निन्टेंडोकडूनच बनवून घ्याव्या लागत, नामको स्वतःच्या स्वतः बनवू शकत होती. १९८९ ला करार नव्याने करायची वेळ आली आणि निन्टेंडोने सांगितलं की आता लाड बंद, तुम्हीपण बाकीच्यांसारखे. नामकोचे मालक मासाया नाकामुरा इतके भडकले की जाहीरपणे निन्टेंडोवर मक्तेदारीचा आरोप केला. तरी गेम्स काढणं लगेच थांबलं नाही हां, धंदा आहे तो. पण डाव मनात ठेवला. पुढे ३ डिसेंबर १९९४ ला सोनीचा पहिला प्लेस्टेशन जपानमध्ये आला तेव्हा पहिल्या दिवशी दुकानात जो गेम सगळ्यांना हवा होता तो होता रिज रेसर, आणि तो होता नामकोचा.

बाकीच्यांच्या अटी वाचल्या तर नामकोचा राग समजतो. अमेरिकेत निन्टेंडोने लावलेले नियम असे: एका कंपनीने वर्षाला पाचच गेम काढायचे. जो गेम आमच्याकडे काढला तो दोन वर्षं दुसऱ्या कुणाच्या मशीनवर न्यायचा नाही. कॅसेट आम्हीच बनवणार, ठरलेल्या संख्येपेक्षा कमी ऑर्डर घेणार नाही, आणि पैसे आधी. वर मशीनमध्ये एक चिप बसवलेली, कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर गेम चालूच होणार नाही. कोनामीने यातून पळवाट काढली, अल्ट्रा नावाने दुसरी कंपनीच उभी केली म्हणजे तिचे वेगळे पाच. आपल्याकडे एकाच घरात बायकोच्या नावाने दुसरं जीएसटी काढतात ना, तोच प्रकार, आणि गंमत म्हणजे निन्टेंडोला हे माहीत होतं, चालवून घेतलं. पूर्णपणे निन्टेंडोला शिव्या घालण्यातही अर्थ नाही म्हणा, १९८३ ला अमेरिकेत गेमचा बाजार असा कोसळला होता की वाट्टेल तो वाट्टेल तसला कचरा गेम काढत होता आणि दुकानदारांनी हात टेकले होते. त्यातून कुणीतरी चाबूक घेऊन उभं राहणं गरजेचं होतं. फक्त एकदा चाबूक हातात आला की तो खाली ठेवायची वेळ कधी आली हे त्या हाताला कळत नाही.

हे सगळं मला खरं समजलं ते अंबडमध्ये.

माझे मोठे काका, त्यांचा अंबड एमआयडीसीत शीट मेटलचा छोटा वर्कशॉप होता. चार पॉवर प्रेस, पत्रा कापायचं एक शेअरिंग मशीन, पत्र्याची शेड, आत कायम तो तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास, आणि धडक धडक आवाज ज्यात बोलायचं म्हणजे ओरडायचं. माल जवळजवळ सगळा एकाच मोठ्या कंपनीला. नाव नाही घेत, घ्यायची गरजही नाही, नाशकात ज्याच्या घरात कुणी व्हेंडर आहे त्याला ही गोष्ट पाठ असेल. सुरुवातीला काय थाट! कंपनीचे साहेब गाडीने यायचे, काकूच्या हातचं जेवायचे, दिवाळीला डायरी-कॅलेंडर. मग दरवर्षी रेट कमी करा. पेमेंट पंचेचाळीस दिवसांवरून साठ, साठचे नव्वद. शेड्यूल पाठवायचे मोठं, त्या हिशोबाने काकांनी पत्रा उचलायचा, मग महिन्याच्या वीस तारखेला फोन, यावेळी निम्माच पाठवा. उरलेला माल शेडमध्ये, पैसे बँकेचे, व्याज काकांचं. वर रिजेक्शनची डेबिट नोट. आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे डाय. ज्या साच्यावर पार्ट निघतो तो साचा कंपनीच्या मालकीचा. काका म्हणायचे, "डाय त्यांची, मशीन आपलं, लाईट बिल आपलं आणि बोट गेलं तर तेही आपलंच."

शेवटी त्यांनी काम सोडलं. भांडण असं झालंच नाही. मी त्यावेळी कॉलेजला होतो, त्या दिवशी मदतीला गेलेलो म्हणून बघितलं. कंपनीचा टेम्पो डाय न्यायला आला होता. काकांनी आदल्या रात्री प्रत्येक डाय पुसून, पंच आणि कडांना ग्रीस लावून, पिवळ्या रंगात नंबर परत रंगवून ओळीत ठेवलेली. मी म्हटलं काका कशाला एवढं, द्यायच्याच आहेत ना. ते काही बोलले नाहीत, चेन ब्लॉक ओढत राहिले. एका डायवर त्यांनी स्वतः सुधारणा केलेली होती, पत्रा अडकायचा म्हणून बाजूला एक छोटा गाईड बसवला होता, तोही तसाच गेला, चलनावर त्याचा उल्लेखही नाही. टेम्पो गेल्यावर कंपनीच्या माणसाने हात मिळवला, साहेबांनी नमस्कार सांगितलाय म्हणाला. मग काकांनी दुसऱ्या कुणाचंतरी काम धरलं. तिथे पैसे वेळेवर होते. साहेब मात्र जेवायला यायचे नाहीत.

तर स्क्वेअर. फायनल फॅन्टसी बनवणारी कंपनी, पहिले सहाचे सहा भाग निन्टेंडोच्या मशीनवर, म्हणजे घरचीच. आणि सातवा सोनीकडे. १९९६ च्या सुरुवातीला हे जाहीर झालं तेव्हा जपानमध्ये काय वाटलं असेल ते आपल्याला इथे बसून नाही कळणार. याचं जे कारण सगळे सांगतात ते बरोबरच आहे, जागा. निन्टेंडोने पुढच्या मशीनसाठी, निन्टेंडो ६४ साठी, कॅसेटच ठेवायची ठरवली. अख्खा मारियो ६४ बसला ८ एमबीत, आणि त्या मशीनची पुढे निघालेली मोठ्यातली मोठी कॅसेट ६४ एमबीची. एका सीडीवर साडेसहाशे एमबी. स्क्वेअरला सिनेमासारखे सीन टाकायचे होते, १९९५ पासून ते महागड्या कॉम्प्युटरवर थ्रीडी प्रयोग करून बघत होते, आणि जानेवारी १९९७ ला सातवा भाग आला तो तीन सीड्यांवर. तीन! इथे कॅसेटचा विषयच संपला. निन्टेंडोचंही अगदीच चूक नव्हतं, कॅसेटला लोडिंग नाही, आणि कॉपी मारणं अवघड. (अवघड, अशक्य नाही, मेनरोडच्या बोळातला आमचा दुकानदार साक्षीला आहे.)

पण हीच गोष्ट मी एकदा काकांना सांगितली. रविवार होता, मिसळ खायला गेलेलो, पापड-दही सगळं समोर, मी उत्साहात एमबी आणि थ्रीडी समजावतोय, काका तर्री ओतून घेतायत. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "न खपलेला माल कुणाकडे पडायचा?"

मी थांबलोच. कारण तो एमबीच्या खालचा खरा मुद्दा होता. कॅसेट म्हणजे चिप, चिप म्हणजे महाग, आणि ती बनवून यायला आठवडेच्या आठवडे. म्हणजे गेम किती खपेल याचा अंदाज तुम्ही महिनोनमहिने आधी बांधायचा, तेवढ्या कॅसेटचे पैसे निन्टेंडोला आधी भरायचे, खपल्या तर खपल्या, नाही तर गोदाम तुमचं. कमी मागवल्या आणि गेम हिट झाला तर दुकानं रिकामी, परत मागवून येईपर्यंत पोरांचा नाद दुसरीकडे गेलेला. निन्टेंडोचे पैसे दोन्हीकडून सुटलेले. सोनीकडे सीडी, छापायला स्वस्त, आधी थोड्या काढा, खपल्या की काही दिवसांत परत छापा. शिवाय सोनीची फीही कमी. काकांनी पाव मोडता मोडता जे विचारलं त्यात हे सगळं होतं, त्यांना प्लेस्टेशन कसा दिसतो हेही माहीत नव्हतं. वर्षभरात एनिक्सनेही ड्रॅगन क्वेस्टचा सातवा भाग प्लेस्टेशनवर काढणार असं सांगून टाकलं. जपानमध्ये ज्या दोन गेम्ससाठी लोक मशीन विकत घ्यायचे ते दोन्ही गेले.

आणि सोनी या धंद्यात आली कशी, तर निन्टेंडोमुळेच. दोघं मिळून सीडीवालं मशीन काढणार होते, १९९१ च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने आम्ही फिलिप्सबरोबर जातोय असं जगासमोर सांगितलं. करारात सीडीवरच्या गेम्सचा ताबा सोनीकडे जात होता, ते निन्टेंडोला परवडणारं नव्हतं. इथेही परत तेच, डाय कुणाची.

सगळंच पैशाचं असतं असं मात्र मी म्हणणार नाही. सगळ्यात पहिला काडीमोड बघा, १९७९ चा. अटारी या अमेरिकन गेम कंपनीतले चार प्रोग्रॅमर, डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लान. त्यांचे गेम्स अटारीला धो धो पैसा देत होते, हे पगारावर, आणि गेमवर कुणाचंही नाव नाही. हे साहेबांकडे गेले. क्रेन सांगतात की उत्तर साधारण असं मिळालं, डब्यात कॅसेट भरणाऱ्या लाईनवरच्या माणसाइतकेच तुम्ही महत्त्वाचे. मला या वाक्याचा राग दोन्ही बाजूंनी येतो. प्रोग्रॅमरचा अपमान तर आहेच, पण त्या पॅकिंगवाल्याचाही, त्याला तर कुणी विचारलंही नव्हतं. चौघं बाहेर पडले, ॲक्टिव्हिजन काढली, आणि मशीन एकाचं, गेम दुसऱ्याचा हा धंदाच तिथून सुरू झाला. त्याआधी अशी सोयच नव्हती, मशीनवाल्याचाच गेम. अटारीने कोर्टात खेचलं, शेवटी रॉयल्टीवर तडजोड झाली. ॲक्टिव्हिजनने मग गेमच्या माहितीपुस्तिकेत बनवणाऱ्याचा फोटो आणि नाव छापलं. एवढंच हवं होतं माणसाला! (पुढे हीच ॲक्टिव्हिजन केवढी अजस्र झाली आणि तिने लोकांना कसं वागवलं ते वेगळंच पुराण आहे, ते आज नको.)

बंगीची गोष्ट मला काकांच्या टेम्पोसकट आठवते. मायक्रोसॉफ्टने २००० साली ही कंपनी घेतली, तिच्या हेलो या गेममुळे एक्सबॉक्स उभा राहिला. २००७ च्या सप्टेंबरात हेलो ३ आला, तुफान चालला, आणि पुढच्याच महिन्यात जाहीर झालं की बंगी वेगळी होतेय. इतक्या यशानंतर कोण जातं? पण तेच तेच करून त्यांना कंटाळा आला होता, स्वतःचं काहीतरी करायचं होतं. जायला मिळालं, हेलो मात्र तिथेच ठेवून. वर जाता जाता हेलोचे आणखी दोन भाग करून द्यायचे, ओडीएसटी आणि रीच. २०१० चा तो रीच खेळलात तर बघा, शेवटच्या कामात माणूस हात आखडता घेईल असं वाटतं, यांनी उलट जीव ओतलाय. सुटल्यावर त्यांनी डेस्टिनी केला, आधी ॲक्टिव्हिजनबरोबर, मग २०१९ ला त्यांच्याशीही फारकत, आणि २०२२ ला ३६० कोटी डॉलरला गेले कुणाकडे? सोनीकडे. स्वातंत्र्य मिळवून शेवटी समोरच्याच्या वाड्यात बिऱ्हाड. २०२४ ला तिथे दोनशेवीस जणांना नारळ मिळाला. आता याला सुटका म्हणायचं का काय, मी तरी ठरवू शकलेलो नाही.

रेअरचं, म्हणजे त्या अस्वलवाल्यांचं, तर भांडण नव्हतंच. निन्टेंडोची त्यात ४९ टक्के भागीदारी होती. गेम बनवायचा खर्च वाढत चालला, निन्टेंडोने उरलेला हिस्सा घेतला नाही, मायक्रोसॉफ्टने २००२ ला साडेसदतीस कोटी डॉलर टेबलावर ठेवले, निन्टेंडोने आपला हिस्साही विकून टाकला. डाँकी काँग निन्टेंडोकडे राहिला, बँजो रेअरबरोबर गेला. वाटण्या झाल्या. मला राहून राहून वाटतं की निन्टेंडोने तेव्हा थोडा हात सैल सोडायला हवा होता, पण मग वाटतं हे माझ्यातलं लहान पोरगं बोलतंय ज्याला सगळे गेम एका मेनूत हवेत. मायक्रोसॉफ्टकडे गेल्यावर रेअरने बरंच काही केलं, पण ती जुनी जादू परत आली असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणि बँजो २०२२ ला निन्टेंडोच्या स्विचवर परत खेळायला मिळायला लागला, म्हणजे तेव्हा कोण कुणावर रुसलं होतं?

यात लोक बाजू घेतात ते मला फार विचित्र वाटतं. गद्दार काय, दगाबाज काय. कमेंटमध्ये तिशी-चाळिशीचे बाप्ये स्क्वेअरने निन्टेंडोला कसं फसवलं यावर आजही भांडतात, जणू यांच्या चुलत्याने शेत हडपलंय. तिकडे स्क्वेअर २००३ लाच निन्टेंडोच्या गेमक्यूबवर फायनल फॅन्टसीचा एक वेगळा गेम घेऊन परत आली होती. सेगाने तर २००१ मध्ये स्वतःचं मशीन बंद केलं आणि त्याच वर्षी तिचा सॉनिक मारियोच्या मशीनवर धावायला लागला. फायनल फॅन्टसीचा सातवा भाग मात्र निन्टेंडोच्या मशीनवर यायला २०१९ उजाडलं, बावीस वर्षं. कंपन्यांची माणसं बदलली, मालक गेले, रुसवे फक्त गिऱ्हाइकांनी जपून ठेवले.

आता तर उलटं चाललंय. सोनीसाठी खास गेम काढून काढून स्क्वेअरलाच ते परवडेना, खर्च एवढे की एका मशीनच्या गिऱ्हाइकात भागत नाही, म्हणून २०२४ ला त्यांनी सांगूनच टाकलं की यापुढे सगळीकडे माल विकणार. २०२५ ला हेलो प्लेस्टेशनवर येणार म्हणून खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. आणि त्याच सातव्या भागाचा नवा अवतार २०२६ च्या जानेवारीत निन्टेंडोच्या स्विच २ वर आला, कॅसेट म्हणजे कार्डासकट. फक्त त्या कार्डात गेमच नाही. कार्ड म्हणजे नुसती किल्ली, ते घालायचं आणि अख्खा गेम नेटवरून उतरवून घ्यायचा, कारण एवढ्या जागेचं आणि एवढ्या स्पीडचं कार्ड परत तेच, महाग आणि अडचणीचं. यावर ऑनलाइन पब्लिक जाम शिव्या देतंय, पैसे मोजून रिकामी कॅसेट घ्यायची का म्हणून. मला विचाराल तर शिव्या रास्त आहेत. पण दुकानात पडून राहिलं तरी जास्त पैसा अडकणार नाही असं कार्ड शेवटी निन्टेंडोकडून मिळालं, त्या दिवशी स्क्वेअरच्या अकाउंट्स खात्यात कुणीतरी पेढे नक्की वाटले असतील.